बांधापलीकडे बघणारे

गुलाबी बोंडअळीच्या पतंगाला सातबारा वाचता येत नाही. समजा, एका शेतकऱ्याने सगळे शिफारशीप्रमाणे केले. डिसेंबर संपायच्या आत कपाशी मोडली, पऱ्हाट्या उपटून शेताबाहेर नेल्या, नांगरट करून जमीन तापू दिली, पुढच्या खरिपात हेक्टरी पाच कामगंध सापळे लावले. शेजाऱ्याने मात्र विहिरीला पाणी आहे, आणखी दोन वेचण्या होतील, म्हणून फरदड राखली. फरदडीत अळीला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत खायला मिळते, पिढीमागून पिढी वाढते, आणि पुढच्या हंगामात पहिल्या शेतकऱ्याच्या बोंडांत शेजाऱ्याची अळी निघते. 2017 च्या हंगामात या अळीने महाराष्ट्रातल्या बीटी कपाशीचे मोठे नुकसान केले. बियाण्यातल्या जनुकांना ती सरावली होती, हे त्याचे शास्त्रीय कारण. पण सरावलेली अळी वर्षभर पोसली गेली ती लांबवलेल्या हंगामात, फरदडीत आणि जिनिंगच्या आवारात पडून राहिलेल्या कच्च्या कापसात.

सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले किंवा शंभरातली दहा बोंडे किडकी निघाली की उपाय करायची वेळ झाली, हे कृषी पदवीच्या विद्यार्थ्याला पाठ असते. शिवारातल्या साठ-सत्तर खातेदारांना एकाच पंधरवड्यात कपाशी मोडायला कसे राजी करायचे, हे मात्र कोणत्याच प्रश्नपत्रिकेत येत नाही. त्यातला एक कर्जात असतो आणि त्याला त्या शेवटच्या वेचणीचे चार पैसे खरोखर हवे असतात. एकाची शेती बटाईने दिलेली असते, मालक नागपूरला किंवा पुण्याला. दोघांचे आपसात बोलणे नसते. कीटकशास्त्राचे उत्तर बरोबर असूनही ते या माणसांपाशी येऊन अडते.

शेतीत नव्याने येणाऱ्यांना सल्ले पुष्कळ मिळतात. कोणते पीक, कोणते वाण, ठिबक किती मिलीमीटरची, अनुदान कुठले. यातले बहुतेक सल्ले बांधाच्या आतले असतात. शेतीतली मोठी संकटे आणि मोठ्या संधी मात्र बांधाबाहेरून येतात. भूजल सगळ्यांचे मिळून एकच असते, कीड सामाईक असते, मजूर गावाचे असतात, आणि बाजारात एकट्याच्या दहा क्विंटलला कोणी विचारत नाही. म्हणून या क्षेत्रात टिकायचे तर आपल्या अधिकारात नसलेल्या माणसांना सोबत घेता आले पाहिजे. कंपनीतल्या व्यवस्थापकाच्या हातात पगारवाढ असते, बदली असते. नव्या कृषी सहायकाच्या किंवा शहरातून परतलेल्या तरुणाच्या हातात यातले काहीच नसते. तरी त्याला नेतृत्व करावे लागते, आणि म्हणूनच त्याला लागणारे गुण व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकातल्या गुणांपेक्षा जरा वेगळे निघतात.

पहिला गुण दिसायला नेतृत्वाच्या अगदी उलटा आहे. सुरुवातीला गप्प राहता येणे.

राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांतले, म्हणजे राहुरी, अकोला, परभणी आणि दापोलीचे विद्यार्थी शेवटच्या वर्षी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावात जातात. कृषिदूत आणि कृषिकन्या. स्थानिक वर्तमानपत्रांत त्यांच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात: बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक, माती नमुना कसा घ्यावा याचे प्रात्यक्षिक, मध्ये सरपंच, बाजूला पांढऱ्या कोटातली मुले. उपक्रम चांगला आहे. पण ज्या माणसाने आयुष्यभर पेरणी केली त्याला बाविशीतल्या मुलांनी पहिल्याच आठवड्यात प्रात्यक्षिक दाखवायचे, यात क्रम उलटा झालेला असतो. त्या गटातल्या एखाद्या मुलीला आधी विचारावेसे वाटते, ‘काका, तुम्ही याच पट्टीत तूर का लावता, पलीकडे का नाही?’ आणि काका सांगतात की पलीकडे खाली मुरूम नाही, चोपण आहे, पाणी साचते, तूर उधळते. तिला त्या एका उत्तरात माती परीक्षणाच्या अहवालात न येणारी माहिती मिळते. शिवाय गावात तिच्याविषयी पहिला शब्द पसरतो तो ‘पोरगी ऐकून घेते’ असा. पुढचे सगळे काम त्या शब्दावर चालते.

हे निव्वळ सौजन्य नाही, त्यामागे एक पद्धत आहे आणि तिला इतिहासही आहे. इंडोनेशियात ऐंशीच्या दशकात भातावर तपकिरी तुडतुड्यांनी हाहाकार केला. जास्त फवारले की तुडतुडे जास्त वाढत, कारण त्यांना खाणारे कोळी आणि ढेकूणवर्गीय मित्रकीटक आधी मरत. 1986 मध्ये तिथल्या सरकारने भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली. पण बंदीने शेतकरी शिकत नाही. म्हणून 1989 पासून जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने तिथे शेतीशाळा सुरू झाल्या. पंचवीसेक शेतकऱ्यांचा गट, आठवड्यातून एकदा भाताच्या बांधीत, चिखलात. शेतकरी एक किडा पकडून आणतो आणि विचारतो, हा काय आहे? प्रशिक्षकाला नाव माहीत असते, पण तो सांगत नाही. तो उलट विचारतो, कुठे सापडला? काय करत होता? किती होते? मग त्या किड्याला आणि तुडतुड्याला एकाच काचपात्रात ठेवतात आणि कोण कोणाला खातो ते बघत बसतात.

आपल्याकडे कृषी विभाग ज्या शेतीशाळा घेतो त्यांचे मूळ हेच. मात्र आपल्या कितीतरी शेतीशाळांत प्रशिक्षक उत्तर देऊन मोकळा होतो, हजेरीपत्रकावर सह्या घेतो, फोटो काढतो. उत्तर माहीत असूनही ते रोखून धरायला स्वतःवर ताबा लागतो. नव्या माणसाला तर आपले ज्ञान दाखवायची घाई असते, कारण आपल्याला काही येते हे सिद्ध करायचे असते. शेतकऱ्याने स्वतः काढलेला निष्कर्ष तो शेजाऱ्याला सांगतो. साहेबांनी सांगितलेले उत्तर साहेबांची गाडी गावाबाहेर गेली की संपते.

नव्या माणसाकडे एक गोष्ट मात्र जुन्यांपेक्षा जास्त असू शकते: हिशेबाची सवय. शरद जोशी हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथली जागतिक टपाल संघटनेतली नोकरी सोडून ते 1977 च्या सुमारास चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती करू लागले, तेव्हा ते शेतीत पूर्ण नवखे होते. नवखा माणूस जे करतो तेच त्यांनी केले, प्रत्येक खर्च मांडला. घरच्या माणसांची मजुरी, बैलांचा खर्च, स्वतःचा वेळ. परंपरेने शेती करणारा माणूस यातले निम्मे धरतच नाही. सगळे धरले तेव्हा दिसले की चांगली शेती करूनही शेती तोट्यातच राहते. त्यातून शेतकरी संघटना आणि 1980 चे चाकणचे कांदा आंदोलन उभे राहिले. शेतमालाच्या भावाबद्दलची त्यांची सगळी मते सगळ्यांना पटली नाहीत, आजही पटत नाहीत. पण हजारो कांदा उत्पादक एका बाहेरून आलेल्या माणसामागे रस्त्यावर बसले, याचे एक कारण असे की तो त्यांच्याच तोट्याचा हिशेब त्यांना आकड्यांत सांगत होता. तोटा त्यांना जाणवत होता, फक्त मांडता येत नव्हता.

आजच्या तरुणाला हेच छोट्या प्रमाणात करता येते. शेतमाल अडत्याकडे गेला की पट्टी येते. तिच्यात तोलाई, हमाली, वाराई, भाडे वजा होते. कधी कधी भाव इतका पडलेला असतो की शेतकऱ्यानेच अडत्याला पैसे देणे निघते, ती उलटी पट्टी. गावातल्या दहा जणांच्या तीन हंगामांच्या पट्ट्या गोळा करून एका कागदावर मांडल्या, तर कोणत्या बाजारात कोणत्या आठवड्यात काय होते याचे चित्र तयार होते. हे काम करायला जमीन लागत नाही, भांडवल लागत नाही. फक्त लोकांनी पट्ट्या दाखवायला हव्यात, आणि त्या ते कोणालाही दाखवत नाहीत. बहुतेक वेळा आधी स्वतःची उलटी पट्टी दाखवावी लागते.

अनुभव उघडा करण्याची ही रीत महाराष्ट्रात सर्वांत चांगली रुजली ती द्राक्षात, आणि ती रुजवणाऱ्यांत श्रीपाद अच्युत दाभोलकर यांचे नाव आधी घ्यावे लागते. ते गणिताचे प्राध्यापक. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीच्या मौनी विद्यापीठात त्यांनी काम केले, शेतीची पदवी त्यांच्याकडे नव्हती. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ नावाची एक सैल जोडणी उभी केली. कार्यालय नाही, अनुदान नाही. ज्याने आपल्या बागेत काही करून पाहिले त्याने ते बाकीच्यांना मोजमापासकट सांगायचे, फसले असेल तर तेही. तासगाव परिसरातल्या द्राक्षबागायतदारांत ही सवय पसरली. पानाचा आकार, काडीची जाडी, पेरांमधले अंतर, पाणी किती दिले आणि घड किती आले, अशा नोंदी शेतकरी ठेवू लागले आणि एकमेकांच्या बागेत उभे राहून त्यांवर वाद घालू लागले. द्राक्षासारख्या महागड्या, नाजूक, औषधांवर तोललेल्या पिकात लोक आपली गुपिते वाटून घेतील हे कोणालाही खरे वाटले नसते.

अशाच डोळस बागायतदारांमधून वाणही निघाले. सांगली जिल्ह्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसमधून निवडलेला वाण ‘तास-ए-गणेश’ म्हणून महाराष्ट्रभर गेला. सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी त्याच थॉमसनमधून लांब मण्यांचा ‘सोनाका’ निवडला. पुढे काळ्या द्राक्षातला ‘शरद सीडलेस’ही त्यांचाच. आपल्या बागेतल्या हजारो वेलींत एखादी वेल वेगळी वागते आहे हे दिसायला रोज बागेत जावे लागते, आणि दिसल्यावर तिची काडी जपून वाढवायला चिकाटी लागते. पण ती काडी दुसऱ्याला देण्याची वृत्ती नसती तर हे वाण त्या दोन गावांतच राहिले असते.

याच द्राक्षाने 2010 मध्ये एक कडू धडा दिला. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीची नुसती वाढ आवरून काडीत घडनिर्मिती व्हावी म्हणून बागायतदार क्लोरमेक्वॅट क्लोराइड, त्यांच्या बोलीत ‘सीसीसी’, फवारत. छाटणी एप्रिलमध्ये, काढणी पुढच्या वर्षी जानेवारी ते एप्रिल, त्यामुळे त्याचा अंश फळात उरेल अशी शंका कोणाला नव्हती. पण ते वेलीत टिकून राहते. युरोपातल्या प्रयोगशाळांनी तपासले तेव्हा मर्यादेपेक्षा जास्त अंश सापडला आणि बंदरात पोचलेले कंटेनर अडकले. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत हे रसायन तोवर नव्हतेच. निर्यातदार आणि शेतकरी दोघेही बुडाले. त्यात ज्यांनी सीसीसी वापरलेच नव्हते तेही होते, कारण भारतीय द्राक्ष म्हटल्यावर खरेदीदार सगळ्यांपासूनच लांब सरकला.

झळ बसलेल्यांत नाशिकच्या आडगावचे विलास शिंदे होते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून कृषी अभियांत्रिकी शिकलेले. शिकून शेतीत आल्यावर पहिली काही वर्षे कर्जातच गेली. 2004 पासून काही शेतकऱ्यांना घेऊन ते युरोपात द्राक्ष पाठवू लागले होते. 2010 मध्येच सह्याद्री फार्मर्स प्रोड्युसर कंपनी उभी राहिली, आणि दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीला तिचे मोठे केंद्र झाले. पुढे ती देशातल्या सर्वांत मोठ्या द्राक्ष निर्यातदारांत गणली जाऊ लागली, टोमॅटो प्रक्रियेत उतरली, आणि 2022 मध्ये तिच्या प्रक्रिया कंपनीत युरोपीय वित्तसंस्थांनी 310 कोटी रुपये गुंतवले. ही यशोगाथा आता भाषणांत इतकी येते की तिच्यातला कंटाळवाणा, पण कामाचा भाग गाळला जातो. तो भाग नोंदवहीचा आहे. कोणत्या प्लॉटवर कोणत्या तारखेला काय फवारले, काढणीपूर्व किती दिवस थांबले, नमुना कधी गेला, अहवाल काय आला. केंद्राच्या ‘अपेडा’ या निर्यात प्राधिकरणाच्या ‘ग्रेपनेट’ प्रणालीमुळे खोक्यातले घड नोंदणी झालेल्या बागेपर्यंत मागे शोधता येतात, पण त्या साखळीतली पहिली कडी म्हणजे शेतकऱ्याने खरी लिहिलेली नोंद. एकाने खोटी लिहिली तर कंटेनर सगळ्यांचा जातो.

आता कल्पना करा, अशा गटात बावीस-पंचवीस वर्षांची नवी शेतीतज्ज्ञ नेमली गेली आहे आणि एका प्लॉटचा अहवाल मर्यादेबाहेर आला आहे. प्लॉट संचालकांच्या चुलतभावाचा आहे. माल काढणीला आला आहे, खोकी मागवली आहेत, मजूर उभे आहेत. तिने ‘हा माल जाणार नाही’ म्हणायचे. नेतृत्वाची सगळी व्याख्याने या एका वाक्यावर तपासून घ्यावीत. हे वाक्य त्या दिवशी आयत्या वेळी म्हणता येत नाही. त्याची तयारी हंगामाच्या सुरुवातीला, कोणाचाही अहवाल हातात नसताना, सगळ्यांसमोर नियम वाचून आणि त्यावर प्रत्येकाचे ‘हो’ घेऊन केलेली असावी लागते. नाव पुढे येण्याआधी ठरलेला नियम पाळला जातो. नंतर केलेला नियम कोणाच्या तरी विरुद्ध असतो.

शेतकरी उत्पादक कंपनीचा कायदा इथे नवख्याच्या बाजूने आहे, हे फार जणांना ठाऊक नसते. अर्थतज्ज्ञ योगिंदर अलघ यांच्या समितीच्या शिफारशींवरून 2002 मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली. किमान दहा उत्पादक एकत्र आले की कंपनी काढता येते, आणि भाग कितीही असले तरी मत एकच. त्याच कायद्यात असेही आहे की कंपनीला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी असावा आणि तो सभासदांपैकी नसावा. म्हणजे कायद्यानेच बाहेरच्या माणसासाठी एक खुर्ची राखून ठेवली. विचार स्वच्छ आहे: भावकी, सोयरीक आणि निवडणूक यांच्या बाहेरचा कोणीतरी रोजचा कारभार पाहील. व्यवहारात मात्र ती खुर्ची पुष्कळदा संचालकाच्या भाच्याला मिळते, किंवा नुसत्या कागदावर भरली जाते. आणि खरोखरचा बाहेरचा माणूस आला तर त्याला वर्षभर खत-बियाण्यांची विक्री आणि अनुदानाचे प्रस्ताव एवढेच काम उरते. ज्याला मंडळासमोर ताळेबंद वाचून दाखवता येतो आणि तोट्याचा महिना असेल तर तो तसाच सांगता येतो, त्याचे ऐकले जाते. आकडे गोड करून सांगणारा पहिल्या वर्षी आवडतो.

मजुरांबद्दल आपल्या शेतीविषयक लिखाणात एक ठरलेले वाक्य असते, ‘मजूर मिळत नाहीत’. नव्या शेतकऱ्याची पहिली खरी परीक्षा तिथेच होते. दिंडोरी-निफाडच्या बागांत छाटणी, विरळणी, डिपिंगसाठी (घड संजीवकात बुडवण्यासाठी) पेठ-सुरगाण्याकडून आणि सीमेपलीकडच्या डांगातून आदिवासी टोळ्या येतात. घड कोणता ठेवायचा, मणी किती काढायचे हा निर्णय प्रत्यक्षात त्या बायांच्या कात्रीत असतो, मालकाच्या डोक्यात नव्हे. ज्याच्याकडे राहायला नीट खोली आहे, पाणी आहे, हिशेब शनिवारचा शनिवारी मिळतो, त्याच्याकडे तीच टोळी पुढच्या वर्षी परत येते आणि येताना आधीच्या वर्षीचे शिकणे सोबत आणते. दर हंगामात नवी टोळी शोधणारा दर हंगामात पहिलीपासून शिकवतो. यात माणुसकी आहेच, पण नुसता धंदा म्हणून पाहिले तरी हेच परवडते.

राबणाऱ्याची काळजी न घेतल्याची काळी बाजू यवतमाळने 2017 मध्ये पाहिली. बोंडअळीच्याच त्या हंगामात कपाशी माणसाच्या उंचीची वाढली होती, हवा दमट आणि कोंदट होती. चार-चार औषधे एकत्र करून फवारली जात होती. विषबाधेने जिल्ह्यात वीसहून अधिक जण दगावले. हातमोजे, मुखपट्टी, चष्मा यांचे संच त्यानंतर वाटले गेले. पण विदर्भाच्या सप्टेंबरातल्या उकाड्यात ते घालून माणूस तासभरही टिकत नाही, हे संच देणाऱ्याला कळायला हवे होते. इथे पुढाकार घेणाऱ्याला वेगळेच काहीतरी ठरवावे लागते: फवारणी फक्त सकाळी, वाऱ्याच्या दिशेने, सलग दोन तासांपेक्षा जास्त नाही, आणि दुकानदाराने सांगितलेले मिश्रण टाकीत ओतण्याआधी कोणालातरी विचारायचे. ज्याच्या पाठीवर पंप आहे त्याला ‘आज नको’ म्हणायची मुभा देणारा मालक गावात एक जरी असला तरी बाकीच्यांना तसे म्हणणे सोपे जाते.

नेतृत्वाचा आणखी एक प्रकार अहमदनगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधल्या हिवरे बाजारने दाखवला. पोपटराव पवार एम. कॉम. झालेले, क्रिकेट खेळणारे. 1989 मध्ये सरपंच झाले तेव्हा गाव दुष्काळी, दारूने पोखरलेले आणि रोजगारासाठी स्थलांतर करणारे होते. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान, समतल चर, बंधारे, हे सगळे झाले आणि त्याविषयी भरपूर लिहिलेही गेले. मला त्यातला सर्वांत अवघड निर्णय पाण्याचा वाटतो. विहिरींना पाणी आल्यावर शेतीसाठी विंधनविहिरी घ्यायच्या नाहीत आणि ऊस-केळीसारखी पाणी पिणारी पिके घ्यायची नाहीत, असे गावाने ठरवले आणि पाळले. पाऊस किती पडला ते मोजायचे, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा, मग रब्बीचे पीक ठरवायचे. पाणी आणणारे पुढारी महाराष्ट्रात पुष्कळ झाले. आलेले पाणी वापरू नका म्हणणारे, आणि लोकांनी ते ऐकले असे, फार थोडे. ते ऐकले जाते कारण सांगणाराही तोच नियम पाळतो. नवख्याला इथून घेण्यासारखे हे की लोकांना काही सोडायला सांगण्याआधी आपण काय सोडले हे त्यांना दिसले पाहिजे.

शेतीतले सर्वांत मोठे ‘नवखे’ मात्र पदवीधर नाहीत आणि शहरातून परतलेलेही नाहीत. त्या बायका आहेत. खुरपणी, पेरणी, वेचणी, जनावरे हे सगळे त्या करत आल्या आहेत, नवा असतो तो निर्णय. सातबारावर नाव नाही, म्हणून पीककर्ज नाही, म्हणून सभासदत्व नाही, म्हणून बैठकीला बोलावणे नाही. शेतकरी संघटनेने 1986 च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, नवऱ्याने जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायचा. मराठवाड्यात प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने दुष्काळाच्या वर्षांत दुसरी वाट धरली. बाईने घरी सांगायचे, मला अर्धा-एक एकर द्या, त्यात काय लावायचे ते मी ठरवीन. सोयाबीन-उसाच्या मधोमध त्या तुकड्यात ज्वारी, मूग, तूर, भाजीपाला, कमी पाण्यावरची मिश्र पिके आली आणि घरात खायला उरू लागले. एक एकर मागणे ही वाटाघाट आहे, आणि ती सासू, सासरा, नवरा यांच्याशी, रोज एकाच चुलीवर जेवून करायची आहे. कुठल्याही व्यवस्थापन संस्थेत यापेक्षा कठीण वाटाघाट शिकवत नसतील. त्या गावांत नंतर याच बायका इतरांना शिकवत फिरू लागल्या. माती-पाणी-बियाणे त्यांना आधीपासून येत होते. त्यांनी नव्याने कमावला तो बोलण्याचा हक्क.

कृषी पदवी घेऊन नोकरी शोधणाऱ्यांसाठी शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. केंद्र सरकारने 2020 मध्ये दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था उभ्या करण्याची योजना आणली. तिच्यात प्रत्येक संस्थेला तीन वर्षांत 18 लाखांपर्यंत व्यवस्थापन खर्च मिळतो, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचा पगार त्यातूनच निघतो. अशा जागांच्या जाहिराती निघतात आणि मुले मुलाखतीला जातात. तिथे मंडळ विचारेल ते विचारेल, पण उमेदवारानेही काही विचारावे. गेल्या वार्षिक सभेला किती सभासद प्रत्यक्ष आले होते? किती सभासदांनी गेल्या हंगामात माल कंपनीला दिला आणि किती जणांनी फक्त भाग घेतले? मागच्या अधिकाऱ्याने नोकरी का सोडली? चौथ्या वर्षी पगार कशातून देणार? आणि शेअर्सचे रजिस्टर व मागच्या बारा महिन्यांची इतिवृत्ते पाहायला मागावीत. जिथे ती लगेच टेबलावर येतात तिथे पगार थोडा कमी असला तरी जावे. जिथे ‘ती सीएकडे आहेत’ असे उत्तर मिळते, तिथे चहा घेऊन निघावे.